पादत्राणांचे आयुष्य

नीतिशास्त्रातील थोर प्रश्न आपण प्रवचनांतून आणि व्याख्यानांतून ऐकतो. युद्ध केव्हा न्याय्य ठरते, संपत्तीवर खरा हक्क कोणाचा, जीवनमरणाचा निर्णय कोणाच्या हाती असावा, हे ते प्रश्न. त्यांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु सामान्य कुटुंबाच्या वाट्याला ते क्वचितच थेट येतात. घराच्या दारात काढून ठेवलेल्या पादत्राणांच्या रांगेत मात्र एक लहानसा प्रश्न नित्य आपली वाट पाहत असतो. एका जोडाचा तळ झिजला आहे, दुसऱ्याचा अंगठा तुटला आहे, तिसऱ्या बुटाचा सोल पुढून उघडला आहे. ते दुरुस्त करून घ्यावेत की टाकून द्यावेत? आणि मुळात पायातील जोड्याने किती काळ टिकावे, अशी अपेक्षा धरणे रास्त आहे?

हा प्रश्न घरखर्चाचा म्हणून बाजूला सारता येईल. आम्हांला मात्र तो विवेकाचाही वाटतो. कारण कोणतीही वस्तू एकटी आपल्या घरात येत नाही. तिच्यामागे एखादा प्राणी असतो, एखादे झाड असते, काही माणसांचे दिवस असतात. ती आपण कशी वापरतो आणि कशी टाकतो, यावरून या सर्वांविषयीची आपली वृत्ती प्रकट होते.

पवित्र शास्त्रात पादत्राणांचा उल्लेख पुष्कळदा येतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा एदेन बागेतून बाहेर पडण्यापूर्वी परमेश्वर स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रे तयार करतो. शास्त्रातील हे पहिले चर्मकाम, आणि ते करणारा प्रत्यक्ष निर्माणकर्ता! अनुवादाच्या एकोणतिसाव्या अध्यायात मोशे लोकांना आठवण करून देतो की, चाळीस वर्षे अरण्यात चालूनही त्यांच्या पायांतील पायतणे झिजली नाहीत. ही आठवण चमत्काराची म्हणून दिली आहे. पादत्राणे झिजणे हाच सृष्टीचा नियम आहे. न झिजणे ही कृपा. म्हणजे आपल्यापुढील प्रश्न जोडा अमर कसा होईल हा नाही. झिजणाऱ्या वस्तूशी झिजणाऱ्या माणसाने कसे वागावे, हा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास कोल्हापूरसारखे दुसरे ठिकाण नाही. येथे चपलेला अजूनही पायताण म्हणणारी माणसे आहेत, आणि येथील पायताणाने या नगरीचे नाव सातासमुद्रापार नेले आहे. जवाहरनगर, सुभाषनगर या वस्त्यांत आणि कापशीसारख्या गावांत ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात आठवडेच्या आठवडे कमावलेले जाड चामडे, आरीने पाडलेली छिद्रे, त्यांतून ओवलेली चामड्याची वादी, आणि बहुधा घरातील स्त्रियांच्या बोटांनी गुंफलेली वेणी, असा तिचा घाट. अस्सल कोल्हापुरीला खिळा लागत नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. राज्याची सीमा या कारागिरीने कधी मानलीच नव्हती.

या चपलेचा एक गुण आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ती उसवण्याजोगी आहे. जी वस्तू टाक्यांनी जोडली आहे ती टाके काढून उलगडता येते, आणि उलगडता येते म्हणून दुरुस्तही करता येते. तळ झिजला तर त्याखाली नवा तळ शिवावा, अंगठा तुटला तर तेवढाच बदलावा, कान सैल झाले तर आवळून घ्यावेत. अधूनमधून तेलाचा हात द्यावा आणि पावसाळ्यात ती माळ्यावर ठेवावी, एवढी निगा राखली की ती वर्षानुवर्षे साथ देते. पाणी हा तिचा मोठा शत्रू. तिचे आयुष्य बनवणाऱ्याच्या हातात जेवढे असते तेवढेच वापरणाऱ्याच्या हातातही असते.

आता दुसरे पादत्राण पाहू. दर वर्षी जुलै महिन्यात कोल्हापूरची तरुण मंडळी पन्हाळगडावरून पावनखिंडीकडे पायी निघतात. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १६६० सालच्या १२ जुलैच्या रात्री निसटले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राण देऊन शत्रूला रोखून धरले. त्या वाटेचे हे स्मरण. सुमारे पन्नास किलोमीटरांची ही चाल ऐन पावसात, चिखलातून, ओढ्यांतून आणि भातखाचरांच्या बांधांवरून होते. आपल्या धर्मग्रामांतील युवक-युवतीही त्यात असतात. अशा वाटेवर कोल्हापुरी चालत नाही. तेथे खाचांच्या रबरी तळाचे बूट लागतात. हे बूट किती टिकतात? जाणकार साधारण आठशे ते सोळाशे किलोमीटर असा अंदाज सांगतात. म्हणजे पन्हाळा-पावनखिंडीसारख्या सोळा ते बत्तीस वाटा. वाट खडकाळ असेल आणि चालणारा वजनदार असेल तर त्याहूनही कमी.

परंतु या बुटांना झिजण्याखेरीज आणखी एक मरण असते, आणि ते अधिक विचार करायला लावणारे आहे. पुष्कळ बुटांच्या तळाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन नावाचा स्पंजासारखा पदार्थ असतो. हवेतील दमटपणा हळूहळू त्याच्या रेणूंचे बंध तोडतो. बाहेरून बूट नवा दिसतो. पण पाच-दहा वर्षे खोक्यात पडून राहिल्यावर एके दिवशी पायात घालून चार पावले चालावे, तर तळ वाळलेल्या भाकरीसारखा तुकड्यातुकड्यांनी गळून पडतो. रोजच्या वापरातील जोड्यापेक्षा बंद कपाटात जपून ठेवलेला जोडा कित्येकदा आधी कुजतो. कोकणातल्या किंवा कोल्हापूरच्या पावसाळी हवेत हे लवकरच घडते.

हे रसायनशास्त्र वाचताना चौथ्या शतकातील एका धर्माचार्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कैसरियाचे महागुरू संत बासिल यांनी, आपली कोठारे मोडून अधिक मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाच्या दाखल्यावर प्रवचन केले. घरात न वापरता साठवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतील वस्त्र उघड्याचे आहे, आणि आपल्याजवळ पडून कुजणारे जोडे अनवाणी माणसाचे आहेत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. संत बासिल यांना पॉलियुरेथेन ठाऊक नव्हते. साठवण हीच नासाडी आहे, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून जोडा किती टिकतो या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: तो कोणाच्या तरी पायात आहे काय?

दुरुस्ती का करावी, याची काही कारणे उघड आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात, वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीवर कठोर बोट ठेवले. एखादी वस्तू लगेच टाकून न देता पुन्हा उपयोगात आणणे हेही प्रेमाचे कृत्य होऊ शकते, असे त्यांनी तेथे सुचवले. २०२५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा जगाने त्यांच्या साध्या काळ्या बुटांची आठवण काढली, ती उगाच नव्हे. चामड्यासाठी एका जिवाचे प्राण गेलेले असतात. कृत्रिम तळासाठी जमिनीच्या पोटातील तेल खर्ची पडलेले असते, आणि टाकल्यावर तो तळ मातीत मिसळत नाही. जे एवढ्या मोलाने मिळाले ते क्षुल्लक कारणाने उकिरड्यावर टाकणे ही कृतघ्नताच होय.

दुसरे कारण अर्थव्यवहारातले आहे. आपल्या जुन्या गावगाड्यात चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीच्या वेळी त्याला शेतकऱ्याकडून धान्याच्या रूपाने वर्षाचे बलुते मिळे, आणि त्याबद्दल पायताणे, मोट, आसूड ही कामे करून देणे व मोडले-तुटले तर सांधून देणे त्याच्याकडे असे. मोबदला वर्षाचा असल्यामुळे जोडा जितका अधिक टिकेल तितके त्याचे श्रम वाचत. टिकाऊपणात करणाऱ्याचे हित होते आणि वापरणाऱ्याचेही. आज विक्रेत्याला मोबदला मिळतो तो नव्या जोडाच्या विक्रीवर. जोडा लवकर मोडला तर गिऱ्हाईक लवकर परत येते. यात कोणी दुष्टपणा करतो असे नव्हे. पण व्यवहाराची रचनाच अशी आहे की टिकाऊ वस्तू बनवणाऱ्याला तिची शिक्षा व्हावी. तळ चिकटवून टाकले, शिवले नाहीत, की दुरुस्तीचा मार्गच बंद होतो. याची जाणीव आता पाश्चात्त्य देशांनाही होऊ लागली आहे. फ्रान्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून कपडे व पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्याला सहा ते पंचवीस युरोपर्यंत सूट मिळू लागली. जे आपल्या कोपऱ्यावरच्या कारागिराकडे सहज होत असे, त्यासाठी तेथे योजना आखावी लागली.

येथवर आमच्याशी बहुतेक वाचक सहमत होतील. पण येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. कारण दुरुस्तीचे गुणगान करणे सोपे आहे. ती करणारा माणूस कोण आणि त्याला आपण काय देतो, हे विचारणे अवघड आहे.

ज्या बलुतेदारीचा आम्ही आताच दाखला दिला तिची दुसरी बाजू काळी होती. चांभाराच्या मुलाने चांभारच व्हावे, कातडे कमावणाऱ्याच्या मुलाने कुंडाशीच जन्म काढावा, असा तिचा दंडक होता. ज्याने शिवलेले पायताण गावाने पायात घातले, त्याला मात्र गावाने दूर ठेवले. छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या जातींसाठी राज्यकारभारात निम्म्या जागा राखून ठेवल्या आणि १९१८ साली महार वतन रद्द केले. जन्माने माणसाला कामाशी बांधणाऱ्या व्यवस्थेवर हे घाव याच कोल्हापुरात पडले. तेव्हा जुने दिवस परत यावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कारागिराच्या मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तर तिने व्हावे. आपली चप्पल शिवायला कोणी उरावे म्हणून तिने आरी-रापीपाशी बसून राहावे, अशी अपेक्षा धरणे पापच ठरेल.

या बाबतीत ख्रिस्तसभेच्या जन्मकथेतच एक मोठा धडा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे की, संत पेत्र यापो येथे शिमोन नावाच्या माणसाच्या घरी पुष्कळ दिवस राहिले. मराठी बायबलात त्या शिमोनाला चांभार म्हटले आहे; त्याचा धंदा कातडी कमावण्याचा होता. मेलेल्या जनावरांना हात लावावा लागत असल्यामुळे यहुदी समाजात हा धंदा हीन समजला जाई. शिमोनाचे घर समुद्रकिनारी होते, असेही तेथे नमूद आहे. त्याच घराच्या गच्चीवर पेत्राला दृष्टान्त झाला: जे देवाने शुद्ध ठरवले त्याला माणसाने निषिद्ध म्हणू नये. तेथूनच ते परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी गेले आणि सर्व राष्ट्रांसाठी ख्रिस्तसभेचे द्वार उघडले. आज आपण मराठी भाषेत मिस्साबलिदान अर्पण करतो, त्यामागील वाट एका चामडे कमावणाऱ्याच्या छतावरून आलेली आहे. हे ज्याला उमगले तो रस्त्याकडेला बसलेल्या कारागिराशी अरे-तुरेने कसा बोलू शकेल?

आणि तरीही आपण बोलतो. दुकानातील काचेच्या कपाटात ठेवलेल्या बुटाला जी किंमत चिकटवलेली असते ती आपण निमूटपणे मोजतो. पण उन्हात बसून त्याच बुटाला अर्धा तास टाके घालणाऱ्याने वीस रुपये अधिक मागितले की आपल्याला काटकसर आठवते. गरिबाला जोड्याच्या किमतीत विकणाऱ्या लोकांवर आमोस संदेष्ट्याने परमेश्वराचा कोप घोषित केला. त्या शब्दांचा रोख केवळ प्राचीन इस्राएलातील सावकारांवर होता असे समजून आपण सुटू शकत नाही. दुरुस्ती स्वस्त असते म्हणून ती करावी, असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन स्वस्त झाली आहे, हेही पाहिले पाहिजे. कामगाराच्या वेतनाविषयी पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रात स्पष्ट सांगितले की, काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा निर्वाह होण्यास अपुरी पडेल इतकी मजुरी त्याने नाइलाजाने कबूल केली, तरी तो करार न्याय्य ठरत नाही. हा नियम कारखान्याला लागू आहे, तसाच कोपऱ्यावरच्या छत्रीखालच्या दुकानालाही लागू आहे.

तुरिन येथे संत जॉन बॉस्को यांनी १८५३ साली आपल्या अनाथ मुलांसाठी पहिली कार्यशाळा उघडली, ती चांभारकामाची आणि शिवणकामाची. आरंभी हे धर्मगुरू स्वतः मुलांजवळ बसून त्यांना टाके घालण्यास शिकवीत. त्याआधीच, बाहेर उमेदवारी करणाऱ्या मुलांसाठी त्यांनी मालकांशी लेखी करारनामे केले होते. योग्य वेतन, रविवारची विश्रांती आणि मारझोडीला मनाई या अटी त्यांत घातलेल्या असत. हस्तकौशल्याचा आदर म्हणजे काय, हे या करारनाम्यांतून समजते. इटलीच्या मिलान शहरात जून २०२५ मध्ये एका विख्यात कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाची पादत्राणे मंचावर आणली. आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले गेले नाही. येथून निषेध उमटल्यावर कंपनीने त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली. तेव्हा आपण सर्वजण रागावलो, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या कारागिराचे नाव परदेशी कंपनीने घेतले नाही म्हणून आपण रागावलो, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

आता उलट बाजू. दुरुस्ती नेहमीच पुण्यकारक असते काय? आमच्या मते नाही.

प्रथम जिवाचा प्रश्न. इटालियन गिर्यारोहक वितालe ब्रामानी यांचे सहा सोबती १९३५ साली आल्प्स पर्वतातील पुंता रासिका या शिखरावर हिमवादळात सापडून मरण पावले. त्या प्रसंगाला साजेशी पादत्राणे पायांत नसणे हेही त्या दुर्घटनेचे एक कारण मानले गेले. त्या दुःखातून ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला, तो १९३७ साली. आज जगभरच्या डोंगरी बुटांखाली त्याच घाटाचे तळ दिसतात. ज्याच्या खाचा झिजून सपाट झाल्या आहेत, ज्याचा मधला थर आतून कुजला आहे, असा बूट चिकटवून आपल्या मुलाच्या पायात घालणे आणि त्याला शेवाळलेल्या कड्यावर पाठवणे ही काटकसर नव्हे. तो घसरला तर एकटाच घसरत नाही. त्याला सावरायला धावणारा सोबतीही संकटात येतो. जोड्यापेक्षा पाय मोलाचा, आणि पायापेक्षा प्राण मोलाचा. आपल्या शरीराची काळजी घेणे हेही आज्ञापालनच आहे.

दुसरा प्रश्न मिरवण्याचा. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनी लोकांची कथा आहे. आपण फार दूरच्या देशाहून आलो आहोत असे भासवण्यासाठी त्यांनी मुद्दाम झिजलेली, ठिगळे लावलेली पायतणे घातली, बुरसलेल्या भाकरी बरोबर घेतल्या आणि इस्राएलाशी तह करून घेतला. ठिगळही खोटे बोलू शकते! घरात लक्ष्मी नांदत असताना जुन्या जोड्याचे प्रदर्शन करून साधेपणाची कीर्ती मिळवणे, किंवा मुलांना बोचणारे, लहान झालेले बूट घालायला लावून त्याला संस्कार म्हणणे, हे या कथेच्या जवळचेच आहे. काटकसर आणि कंजुषी यांच्यातील भेद हिशेबाच्या वहीत सापडत नाही. वाचलेले पैसे कोठे गेले, यावरून तो कळतो. शेजाऱ्याच्या उपयोगी पडतील म्हणून वाचवले, तर ती काटकसर.

तिसरा प्रश्न दानाचा, आणि तो आपल्या धर्मग्रामांना विशेष लागू आहे. नाताळ जवळ आला की गरिबांसाठी वस्तू गोळा होतात, आणि पुष्कळदा त्या पिशव्यांतून अंगठे तुटलेल्या चपला, तळ फाटलेले बूट बाहेर पडतात. जे आपल्याला घालवत नाही ते दुसऱ्याच्या पदरात टाकणे म्हणजे दान नव्हे. तो कचऱ्याचा मार्ग बदलणे होय. संत लूक यांच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा पिता चाकरांना सांगतो ते आठवावे: घरातील उत्तम झगा आणून त्याला घाला, हातात अंगठी घाला, पायांत जोडे घाला. त्या काळी चाकर अनवाणी असत. जोडे हे पुत्रत्वाचे चिन्ह होते. दिलेल्या जोड्यामुळे घेणारा चाकर ठरतो की पुत्र ठरतो, ही दानाची कसोटी आहे.

येथे एक जुना तात्त्विक प्रश्नही डोकावतो. ग्रीक लोक सांगत की, थेसेउसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या. शेवटी एकही जुनी फळी उरली नाही, तर ते तेच जहाज म्हणायचे की दुसरे? कोल्हापुरीचा तळ यंदा बदलला, अंगठा दोन वर्षांनी, पट्टा आणखी काही वर्षांनी. तरी आपण म्हणतो, ही वडिलांच्या वेळची चप्पल! तत्त्वज्ञांना काय वाटायचे ते वाटो. घरातील माणसाला ठाऊक असते की वस्तूची ओळख तिच्या तुकड्यांत नसून तिच्याशी राखलेल्या निष्ठेत असते. कोणीतरी ती सोडून दिली नाही, म्हणून ती तीच राहिली.

आणि ख्रिस्ती माणसाला तर ही गोष्ट परकी नसावी. तेराव्या शतकाच्या आरंभी सान दामियानोच्या पडक्या मंदिरात क्रूसापुढे गुडघे टेकलेल्या असिसीच्या तरुण फ्रान्सिसला, माझे घर दुरुस्त कर, अशा आशयाची हाक ऐकू आली. नवे घर बांध, असे त्याला सांगितले गेले नाही. फ्रान्सिसने प्रथम त्याचा अगदी शब्दशः अर्थ घेतला, स्वतः दगड वाहिले आणि भिंत लिंपली. मोठा अर्थ त्याला नंतर उमगला. लहान दुरुस्ती हातांनी केल्यावाचून मोठी दुरुस्ती कळत नाही, असाच कदाचित त्या क्रमाचा संकेत असेल. प्रायश्चित्त संस्काराकडे आपण याच श्रद्धेने जातो. परमेश्वर आपल्याला टाकून देऊन दुसरा माणूस घडवीत नाही. जेथे उसवले तेथेच टाका घालतो. मात्र तो टाका स्वस्तात पडलेला नाही, हे क्रूसाकडे पाहिले की समजते. फुकटची दुरुस्ती असे काही नसतेच. किंमत कोणीतरी मोजलेली असते.

या सर्व विचारातून काही व्यवहाराचे निष्कर्ष निघतात. विकत घेतानाच पाहावे की जोडा उसवता आणि शिवता येतो की नाही. एकदा घेतल्यावर हा विचार करण्यात अर्थ नाही. लागतील तेवढेच जोड घ्यावेत, आणि घेतलेले वापरावेत. तुटले तर आधी कारागिराला दाखवावे. त्याचा सल्ला आणि त्याचा मोबदला या दोहोंचा मान राखावा. दुरुस्तीमुळे चालणाऱ्याचा जीव धोक्यात येणार असेल तर निःशंकपणे नवा जोड घ्यावा आणि त्याबद्दल मन खात बसू नये. आणि दुसऱ्याला द्यायचे असेल तर दुरुस्त करून, पुसून, आपल्या पायात घालायला लाज वाटणार नाही असे द्यावे.

सोइस्सोंचे रक्तसाक्षी संत क्रिस्पिन आणि संत क्रिस्पिनियन हे चर्मकारांचे आश्रयदाते संत मानले जातात. दिवसा शुभवर्तमान सांगावे आणि रात्री जोडे शिवून पोट भरावे, असा त्यांचा क्रम होता अशी परंपरा आहे. त्यांचा सण २५ ऑक्टोबरला येतो. तोवर पाऊस ओसरलेला असतो, चिखलाने भिजलेले बूट वाळलेले असतात आणि माळ्यावरच्या कोल्हापुरी खाली येतात. त्या सुमारास एखाद्या रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामाच्या आवारात परिसरातील चर्मकार बांधवांना सन्मानाने बोलावता येईल. प्रत्येक कुटुंबाने घरातील मोडके जोड आणावेत, घासाघीस न करता त्यांचा पूर्ण दर द्यावा, आणि जे जोड घरात लागत नाहीत ते नीट करवून घेऊन, ज्याला लागतात त्याच्या हाती द्यावेत. पाहुण्या कारागिरांनी त्या दिवशी आपल्याबरोबर एकाच पंगतीत जेवावे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पुढच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत कोणी तरी हा विषय मांडावा, एवढेच मागणे आहे.